क्लेमंटचा उजवा हात

नाही हो, तो नकाशा आधी घडी करून खिशात ठेवा. ठेवा ना. अख्खं गाव समोर उभं असताना माणसानं कागदात कशाला तोंड खुपसायचं — आणि मी बसलेय की इथे, काय विचारायचं ते मला विचारा. कुणी दिला तो? थांबा, सांगू नका. निळी शाई, कोपऱ्यात हाताने काढलेलं बदक, वरती ‘ऑल्डरबीत काय पाहाल’ — रोझलिंडबाईंचा नकाशा. स्टेशनवर ठेवलेत, वाचनालयात ठेवलेत, ‘राखाडी घोडी’ पबात ठेवलेत, आणि परवा बघते तर केमिस्टकडे, खोकल्याच्या औषधाशेजारी. म्हणजे माणूस खोकत गेला तरी बाहेर पडताना रोझलिंडबाई हातात. बसा, ह्या पायरीवर बसा. दगड गार आहे पण स्वच्छ आहे, बाजाराच्या दिवशी मीच घासते तो. चर्चला जायचंय? जाल हो, चर्च कुठे पळून चाललंय? आज तसंही इतक्यात आत जाता यायचं नाही, सगळं गाव आवारात जमलंय. नाही नाही, मेलंबिलं नाही कुणी. आज चर्चला कव घालायचा दिवस. नकाशात आहे ना तेही? असणारच. सुटलंय काय तिच्या तावडीतून?

तर हा आपण बसलोय तो बटर क्रॉस. खांब, वर छप्पर, मध्ये हा चौथरा — आसपासच्या खेड्यांतल्या बायका लोणी विकायला इथे बसायच्या. आता लोणी दुकानात गेलं आणि इथे मी बसते, मंगळवारी आणि शनिवारी, मासे घेऊन. मेव्हिस. मेव्हिस मासेवाली म्हणालात तर लहान पोरही घर दाखवेल. त्या खांबावरचा खड्डा दिसतो? बोट घाला त्यात. माझे आजोबा सांगायचे, तो तोफेच्या गोळ्याने पडला, राजाच्या आणि पार्लमेंटच्या लढाईत. मी जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगितलं, लोक बोट घालायचे, आहाहा करायचे, आणि जाताना दोन बांगडे जास्तीचे न्यायचे. मग आल्या रोझलिंडबाई. कुठल्याशा दफ्तरखान्यात जाऊन आठवडाभर बसल्या, आणि काय शोधून काढलं? तर म्हणे तिथे बैल बांधायची कडी होती. कडी उपटली, खड्डा राहिला. झालं, माझी तोफ गेली आणि बैल आला. आणि खरं सांगू का — ते बरोबर आहे. तिथेच तर सगळं दुखणं आहे. ती खोटं बोलली असती, चुकली असती, तर मी तिला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते आणि रात्री झोपले असते. पण बाई चुकतच नाही. गोड बोलते, बरोबर बोलते, आणि वर मलाच म्हणते कशी, ‘मेव्हिस, तुमच्या आजोबांची गोष्ट मात्र जास्त छान होती हं.’ आता हिला काय म्हणायचं सांगा.

ते तिकडे गोल दगडी खुराड्यासारखं दिसतंय ना, ते दारुड्यांना रात्रभर कोंडायचं. ती लांब इमारत, घड्याळाची, ती धान्यबाजाराची — आता तिथे आठवड्यातून एकदा सिनेमा दाखवतात नि बाकीच्या दिवशी बायका व्यायाम करतात. आणि खाली नदीवरचा पूल. तो बघाच. ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेला, इतका अरुंद की दोन माणसं शेजारी शेजारी जाऊ शकत नाहीत, एकाने मागे राहायचं. लग्नाआधी मी नि क्लेमंट जायचो तिथून. क्लेमंट म्हणजे माझा नवरा. खोगिरं शिवायचा, आता दुकान बंद आहे. तर तो मागे राहायचा आणि पूल संपेपर्यंत माझ्या स्कार्फचं टोक धरून चालायचा, मी कुठे उडून जाणार होते जशी. नकाशात नाही ते. नकाशात लिहिलंय, ‘पुलाच्या कठड्यावर कारागिरांच्या खुणा पाहा.’ बघा हो, खुणाही बघा.

आता मान वळवा. कोपऱ्यावर काळ्या तुळयांचं घर, पुढे झुकलेलं, दोन पेले जास्त झाल्यासारखं. लोकरीच्या व्यापाऱ्याचं घर. गावात सगळ्यात जास्त फोटो त्याचेच काढतात. तिथे ह्युबर्ट राहायचा, म्हातारा, एकटा, मांजरांसकट. तो गेला, घर विकायला निघालं, आणि लंडनहून रोझलिंडबाई आल्या, पियानो घेऊन. पियानो खिडकीतून आत घेतला, दोर लावून, सगळा बाजार बघत होता — माझं गिऱ्हाईकसुद्धा, हातात पैसे धरून, तिकडे तोंड करून. नवरा नाही, मुलं नाहीत, पंचावन्नच्या पुढची असेल, पण केस कसे, अजून दाट. पाव भाजते, शेजाऱ्यांना वाटते. पोरांना पियानो शिकवते, पैसे घेत नाही. चर्चचा राखणदार डेंझिल, मी त्याला तीस वर्षं ओळखते, माझ्याकडे बघून कधी दात नाही दाखवले त्याने — आणि तिच्यासाठी फाटक उघडून धरतो, वर टोपी काढतो. मी म्हटलं एकदा त्याला, डेंझिल, तुला दात आहेत हे मला आजच कळलं. बोलला नाही महिनाभर. न बोलू दे.

जळते? हो, जळते. मनातल्या मनात विचारलंत ना, तोंडावर दिसतंय मला. जळते मी. पण पाव भाजते म्हणून नाही, आणि नकाशा काढला म्हणूनही नाही. नकाशाचं काय, आणखी दहा काढ म्हणावं. ऐका, सांगते, पण आधी ही कव म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीचं डोकं फिरलंय.

वर्षातून एकदा, सप्टेंबरात, चर्चच्या सणाला, गावातल्या लोकांनी हातात हात धरून चर्चभोवती फेर करायचा. पूर्ण. भिंतीला वेढा पडेल असा, मध्ये कुठेही फट नाही. आपण आईला कवेत घेतो ना, तशी चर्चला कव घालायची. मग एक गाणं म्हणायचं, तीनदा पुढे यायचं, तीनदा आरोळी द्यायची, आणि मग सगळ्यांना मनुका घातलेला गोड पाव. एवढंच. बाहेरच्यांना वाटतं पोरखेळ आहे. पण इथे फेरातली जागा म्हणजे चेष्टा नाही हो. जागा माणसाची नसते, घराची असते. चौकाभोवती जुनी घरं ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने माणसं उभी राहतात, आधीपासून तसंच चालत आलंय. घर विकलंत की फेरातली जागाही गेली, विकत घेणाऱ्याला मिळाली. आता मोजा — लोकरीच्या व्यापाऱ्याचं घर, त्याच्याशेजारी खोगिरांचं दुकान, म्हणजे क्लेमंटचं घर, आणि त्याच्याशेजारी मासळीचं दुकान, माझ्या बाबांचं. फेरात क्लेमंट मध्ये. त्याच्या डावीकडे मी, बाबांच्या घराची म्हणून. त्याच्या उजवीकडे लोकरीवाल्यांचं घर.

आमचं लग्नच त्यातून झालं. बाबांच्या पायाला लागलं होतं त्या वर्षी, म्हणून मला उभं केलं, पोरगी होते मी, आणि क्लेमंटही त्याच वर्षी पहिल्यांदा उभा राहिला. शेजारी घर असून कधी चार शब्द बोललो नव्हतो. हात धरला. माझे हात बर्फासारखे — कसे नसतील, पहाटेपासून बर्फात मासे उलटेपालटे करायचे, आईचे तसेच होते. मला इतकी लाज वाटली, मी हात मागे ओढायला बघत होते. आणि तो मुलगा काय करतो, आरोळ्या झाल्या, फेर सुटला, सगळे पावाकडे पळाले, तरी हात सोडेचना. मी म्हटलं, सोड की. तर म्हणे, थांब, अजून गरम झाला नाही. असा माणूस. त्यानंतर बोलण्यासारखं फारसं काही बोलला नाही जन्मात, पण तेवढं बोलला.

मग दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला. सकाळी बूट घालायला वाकला आणि तिथेच बसून राहिला. तोंड थोडं वाकडं झालं होतं, ते सरळ झालं. पाय थोडा ओढतो अजून. पण डावा हात — गेला. म्हणजे आहे, हलतो थोडा, पण त्याला काही कळत नाही त्या हातात. गरम नाही, गार नाही, काही नाही. मी एकदा मुद्दाम चहाचा गरम चमचा लावला, तो पेपर वाचत राहिला. हसू नका, नवऱ्याला चटका देणारी बाई नाही मी, मला बघायचं होतं. आणि उजव्या हातात काठी. काठीशिवाय दोन पावलं टाकू शकत नाही. घरात काठी, रस्त्यावर काठी, जेवताना तो हात चमच्याला, झोपताना — आता झोपतो तो उजव्या कुशीवर, डॉक्टरांनीच सांगितलंय, हात अंगाखाली. मग माझ्या वाट्याला काय? डावा. मी धरते की डावा. बाजारातून येताना धरते, चर्चला जाताना धरते, बोटांत बोटं घालून धरते, आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्याला पत्ताच नाही. परवा मी मध्येच सोडून दिला, मुद्दाम, दहा पावलं झाली तरी त्याला कळलं नाही मी सोडलाय ते.

वर्षातून एक दिवस तो काठी बाजूला ठेवतो. कळलं? एक दिवस. फेरात. दोन्हीकडे माणसं असतात, पडायची भीती नाही, म्हणून काठी भिंतीला टेकवतो आणि उजवा हात मोकळा होतो. आणि तो उजवा हात कुणाच्या हातात जातो? आयत्या बिळावर नागोबा. घर घेतलं, पियानो आत घेतला, आणि घराबरोबर माझ्या नवऱ्याचा उजवा हात फुकट मिळाला.

तिला मागायचा नव्हता, मान्य आहे. तिला माहीतही नव्हतं. मला तरी कुठे आधी कळलं होतं? गेल्या वर्षीपर्यंत माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. गेल्या वर्षी फेर झाला, पाव खाल्ला, घरी आलो. मी त्याचे बूट काढत होते. खाली बसले होते मी, त्याच्या पायाशी, आणि हा माणूस — जो महिनोन् महिने ‘मीठ दे’च्या पलीकडे बोलत नाही — हा खिडकीबाहेर बघत म्हणतो, ‘तिचा हात किती गरम आहे.’

मी विचारलं, कुणाचा? मला माहीत होतं, तरी विचारलं. तर म्हणाला, ‘रोझलिंडचा.’ आणि थोड्या वेळाने, ‘बरं वाटलं.’

बरं वाटलं. आता तुम्ही म्हणाल, बिचारा, आजारी माणूस, एकाच हातात जीव राहिलाय, त्या हातात कुणीतरी हात दिला, त्याला बरं वाटलं, त्यात एवढं काय. पाद्रीबाईंनी हेच सांगितलं मला, अगदी याच शब्दांत. तुमचं लग्न झालंय का? झालंय ना. मग मला सांगा, तुमच्या माणसाने तुमच्यासमोर बसून, तुम्ही त्याच्या बुटाची नाडी सोडत असताना, दुसरीच्या हाताचं हे बोलावं, आणि तुम्ही दुपारभर त्याचा दुसरा हात धरून उभ्या होतात. घट्ट धरून. गाणं म्हणताना मी दाबलासुद्धा होता, खूण म्हणून, जसा दर वर्षी दाबते. तो तिकडे वळून हसला. मला वाटलं सूर्य डोळ्यांवर आला म्हणून तोंड फिरवलं.

वर्ष झालं, ते वाक्य माझ्या घशात आहे माशाच्या काट्यासारखं. पावाचा तुकडा गिळतात ना काटा उतरायला, तसं सगळं करून बघितलं. पाद्रीबाईंकडे गेले. म्हटलं, मला या वर्षी क्लेमंटच्या उजवीकडे उभं करा, तिला माझ्या जागेवर. हात काय, हा धरला काय आणि तो धरला काय, तिला काय फरक पडतो? तर म्हणाल्या, मेव्हिस, जागा घराच्या आहेत, मी एक बदलली की उद्या रांग लागेल माझ्या दाराशी, श्रीमती क्रॅडॉक तर गेली वीस वर्षं सुनेशेजारून हलायला टपल्यात. आणि खरं आहे ते. आणि मी तिकडे गेले तर बाबांच्या घराचं काय? बाबा निमोनियात उभे राहिलेत त्या जागेवर. मग क्लेमंटला विचारलं. म्हटलं, तुला कुठली बाजू आवडेल मी असलेली? सरळ विचारलं. तर म्हणतो, ‘तू आहेस ना, कुठेही अस.’ तुम्हाला गोड वाटलं ना ते? मलाही वाटलं, दोन मिनिटं. मग वाटलं, कुठेही अस म्हणजे काय? म्हणजे नसलीस तरी चालेल?

आणि काल. काल शनिवार, बाजार भरलेला, माझ्यासमोर गिऱ्हाइकांची रांग. रोझलिंडबाई आल्या, टोपलीत फुलं, म्हणाल्या, दोन चांगले बांगडे द्या. चांगले. मी म्हटलं, तुम्हाला नेहमी चांगलंच लागतं, नाही का? त्या हसल्या, त्यांना वाटलं गंमत करतेय. मग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, घर चांगलं घेतलंत, जागा चांगली घेतलीत, आणि माझ्या नवऱ्याचा चांगला हातही घेतलात, माझ्यासाठी ठेवलात तो मेलेला. सगळी रांग कान टवकारून. श्रीमती क्रॅडॉक तर इतक्या पुढे वाकल्या ऐकायला की त्यांचा चष्मा माझ्या बर्फात पडला. आणि ती? आधी लाल झाली, मग पांढरी, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘मला माहीत नव्हतं, मेव्हिस.’ बस. बांगडे तिथेच राहिले, ती निघून गेली. आणि रांगेतल्या एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही, सगळ्या तिच्या पाठीकडे बघत होत्या, अरेरे अशा तोंडाने. भांडण मी केलं आणि जिंकली ती.

आज सकाळी मी क्लेमंटला सांगितलं, मी येत नाही. तुझ्याबरोबर तीच असू दे. मला वाटलं, म्हणेल काहीतरी. ‘असं काय करतेस’ एवढं तरी. तो दाढी करत होता. आपली आपण, एका हाताने. धुतलेला शर्ट घातला होता, बटणं मी लावून दिली — राग असला म्हणून काय, उघडा जाईल का तो — आणि आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बरं.’ काठी घेतली आणि गेला. बरं. तुम्हाला माहितीये, मी दारात उभी राहून कोपऱ्यापर्यंत बघितलं, वळतो का.

काय? खिशात? कुठे काय आहे? … अहो बटाटा आहे. भाजलेला बटाटा. वास येतोय होय? येणारच, आत्ताच काढलाय भट्टीतून. आमच्याकडे थंडीत पोरं शाळेत जाताना न्यायची खिशात, हात शेकायला, आणि मधल्या सुट्टीत खाऊन टाकायची. आता थंडी नाहीये, दिसतंय मलाही. दोन्ही खिशांत आहेत. त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे, बाई — माणसाने चांगला कोट घालून रविवारी चौकात बसू नये का? मी काही जाणार नाहीये. मी फक्त म्हटलं, समजा, बोलावलं तर. हात गार असायला नकोत एवढंच.

कारण बोलावतात. तशी पद्धत आहे. घंटा थांबली की हात धरायचे, आणि कुठे फट राहिली तर डेंझिलने त्या फाटकाशी यायचं आणि ओरडून सांगायचं, एक जागा रिकामी, दोन जागा रिकाम्या, जेवढ्या असतील तेवढ्या. नाव नाही घ्यायचं कुणाचं. ज्याची त्याला कळते. मग ती व्यक्ती जाते, किंवा चौकात जो कोणी असेल तो. म्हणून तर इथे बसलेय. नाहीतर घरी नसते का बसले?

थांबा. गप्प. घंटा थांबली.

इथून दिसतो तो. त्या मोठ्या काळ्या झाडाच्या डावीकडे, भिंतीच्या कडेला, पांढरा शर्ट. तुम्हाला नाही ओळखू येणार, मला येतो. तो डेंझिल आला बघा, खाकरतोय, अख्खा घसा साफ करेल आता. काय म्हणाला? दोन? नीट ऐकलंत ना — दोन जागा रिकाम्या?

एक माझी. दुसरी कुणाची? क्रॅडॉक तर आल्यात, मी जाताना बघितलं, सुनेच्या पुढे दहा पावलं. दुसरी कुणाची मग… ती बघा. भिंतीच्या कडेने, पुलाच्या वाटेला. पिवळी टोपी. रोझलिंड. फेरातून निघून चाललीये ती. मागे वळतही नाही. घरी नाही, पुलाकडे, म्हणजे चौकातून माझ्यासमोरून जायला नको. कळलं तुम्हाला काय केलं तिने? जागा सोडली. माझ्यासाठी. न सांगता, न भांडता, उजवी बाजू मोकळी करून दिली आणि चालू लागली.

हे असं असतं बघा तिचं. मी वर्षभर जळायचं, रांगेत शोभा करून घ्यायची, पाद्रीबाईंचे पाय धरायचे — आणि तिने उठायचं आणि जायचं. आता मी गेले तर कुणाची मेहेरबानी घेऊन गेले? सगळ्यांनी बघितलंय. मंगळवारी बाजारात म्हणतील, किती मोठं मन. तिचं हो, माझं कोण म्हणणार? मला तिने भांडून दिली असती तर मी घेतली असती ती जागा, हिसकावून घेतली असती, आनंदाने. पण ही अशी ताटात वाढलेली… नको मला. राहू दे रिकामी. जाऊ दे वर्ष.

पण तो — अहो, दोन्हीकडे कुणी नाही त्याच्या. काठी भिंतीला आहे, लांब. डावीकडे मी नाही, उजवीकडे ती नाही, आणि तो मूर्ख माणूस दोन्ही हात पसरून उभा आहे तसाच, फेरात उभं राहतात तसा. हलतोय. बघा, हलतोय ना? पडेल हो तो. आणि ते सगळे आपापले हात धरून उभे, जागा सोडायची नाही म्हणून.

उठा. उठा, उठा. तुम्हाला चालेल का असं विचारत नाहीये मी, चौकात जो असेल तो, सांगितलं ना मघाशी. दोन जागा आहेत आणि आपण दोघी आहोत. भराभर चला, ती पिशवी राहू दे इथेच, कुणी नेत नाही. ऐका आता. फाटकातून आत गेलात की झाडाच्या बाजूला. मासळीवाल्यांच्या घराची जागा तुमची. माझ्या बाबांची आहे ती, ताठ उभं राहायचं. तुमच्या डावीकडे बेकरीवाला येईल, त्याचा हात ओला असतो, चालवून घ्या. आणि उजवीकडे क्लेमंट. त्याचा डावा हात तुम्ही धरायचा. मी पलीकडे जातेय. हो, तिच्या जागेवर. हो, घेतेय मी ती, म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते.

घट्ट धरा तुमच्या वाट्याचा हात. त्याला काही कळणार नाही, तुमच्याकडे बघणारही नाही, वाईट वाटून घेऊ नका. मी दोन वर्षं धरलाय तो, त्याला नाही कळलं.

आता फेरात शिरलं की बोलायचं नसतं. चला.